पोटात गोदी असलेली नौका: ‘आयएनएस जलाश्व’विषयी वाचकांचे प्रश्न

‘आयएनएस जलाश्व’वर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. विशाखापट्टणमला पूर्व नौदल कमांडकडे असलेली ही नौका सैन्य, रणगाडे आणि उतरणीच्या बोटी घेऊन परक्या किनाऱ्यापर्यंत जाते. लांबी सुमारे १७४ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे १७,००० टन. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: जलाश्व अमेरिकेकडून घेतली, एवढंच ठाऊक आहे. त्याआधी ती काय करत होती? (सातारा)

त्या वेळी तिचं नाव होतं ‘यूएसएस ट्रेंटन’, क्रमांक एलपीडी-१४. ऑस्टिन वर्गातली ही नौका सिएटलच्या लॉकहीड गोदीत बांधली गेली. ८ ऑगस्ट १९६६ रोजी तिचा कणा बसवला, ३ ऑगस्ट १९६८ रोजी ती पाण्यात उतरवली आणि ६ मार्च १९७१ रोजी ती अमेरिकन नौदलात दाखल झाली. तिथे तिने जवळपास ३६ वर्षं काढली.

या काळातली तिची सर्वांत महत्त्वाची कामगिरी जानेवारी १९९१ मधली. सोमालियात यादवी पेटली होती आणि मोगादिशूतल्या अमेरिकन वकिलातीपर्यंत गोळीबार पोहोचला होता. आखाती युद्धाच्या तयारीसाठी ओमानच्या बाजूला असलेल्या ‘ग्वाम’ आणि ‘ट्रेंटन’ या दोन नौका दक्षिणेकडे पाठवण्यात आल्या. पण वकिलात नौका पोहोचेपर्यंत तग धरेल, याची खात्री नव्हती. म्हणून ५ जानेवारीच्या पहाटे, मोगादिशू अजून ४६० सागरी मैलांहून जास्त दूर असताना, ‘ट्रेंटन’वरून दोन सीएच-५३ई हेलिकॉप्टरं ६० सैनिक घेऊन उडाली. एवढा पल्ला एका टाकीत शक्य नसतो. केसी-१३० विमानांनी त्यांना वाटेत, अंधारात, समुद्रावर हवेतच इंधन दिलं. सैनिक वकिलातीत उतरले आणि परतीच्या फेरीत पहिले ६१ लोक बाहेर आले. तोवर नौका जवळ आल्या होत्या. रात्री ‘ग्वाम’वरच्या लहान हेलिकॉप्टरांनी उरलेल्यांना काढलं. एकूण २८१ जण सुटले, त्यांत अनेक देशांचे राजदूत आणि वकिलातींचे कर्मचारी होते.

या प्रकारची नौका कशासाठी असते हे समजून घ्यायचं, तर लढाईपेक्षा हे उदाहरण जास्त उपयोगी आहे. बंदर, विमानतळ, धावपट्टी यांतलं काहीही हाताशी नसताना समुद्रातून माणसं आत पोहोचवायची आणि बाहेर काढायची, हे तिचं काम.

जुलै २००६ मध्ये लेबनॉनच्या युद्धात ‘ट्रेंटन’ने बैरूतमधून अमेरिकन नागरिकांना हलवलं. त्याच दिवसांत आपल्या नौदलाचं ‘ऑपरेशन सुकून’ तिथेच चालू होतं आणि माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस मुंबई’ त्यात होती. १७ जानेवारी २००७ रोजी ‘ट्रेंटन’ भारताच्या ताब्यात आली आणि २२ जून २००७ रोजी नॉरफोकला ‘जलाश्व’ म्हणून तिच्यावर भारतीय नौदलाचा ध्वज चढला.

प्रश्न: अमेरिकेने निवृत्त केलेली छत्तीस वर्षांची नौका आपण विकत घेतली. हा आतबट्ट्याचा व्यवहार नव्हता का? कॅगनेही ताशेरे ओढले होते ना? (पुणे)

नौकेची किंमत सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलर होती. सोबत सहा यूएच-३एच हेलिकॉप्टरं घेतली, त्यांचे सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर वेगळे. कॅगने २००८ च्या अहवालात घाईने केलेली खरेदी, नौकेचं वय आणि करारातल्या अटी यांवर बोट ठेवलं. आक्रमक कारवाईसाठी वापरण्यावरचे निर्बंध आणि दिलेल्या सामग्रीची अमेरिकेला तपासणी करू देण्याचं कलम, हे त्यातले सर्वांत टोचणारे मुद्दे होते. प्रक्रियेवरचा आक्षेप रास्तच होता. जुनी नौका घेताना तिची अवस्था नीट पारखून घ्यायला हवी आणि अटी संसदेसमोर स्पष्ट मांडायला हव्यात, यात दुमत असायचं कारण नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जलाश्व येईपर्यंत आपल्याकडे पोटात गोदी असलेली एकही नौका नव्हती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अंदमान-निकोबारमधले धक्के आणि जेट्ट्या मोडल्या, तेव्हा धक्क्याशिवाय माल उतरवू शकणाऱ्या मोठ्या नौकेची उणीव प्रकर्षाने जाणवली. नवी नौका बांधायला दहा वर्षं लागली असती. हे काम कसं करतात, त्याचे डावपेच आणि धोके कोणते, हे शिकायला मिळणं हा या खरेदीचा मोठा लाभ होता. पुढच्या उत्तरांत जलाश्वने केलेली कामं येतील. ती पाहता पैसे वाया गेले असं म्हणता येत नाही.

प्रश्न: जहाजाच्या मागच्या दारातून बोटी आत घेतात असं वाचलं. दार उघडल्यावर पाणी शिरून जहाज बुडत कसं नाही? आमच्या ट्रॉलरच्या आकाराची बोट आत जाईल का? (मालवण)

पाणी शिरतं, आणि ते मुद्दामच शिरू देतात. नौकेच्या पिछाडीला आत सुमारे ५१ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशी गोदी आहे. तिच्या बाजू, तळ आणि पुढचा पडदा जलरोधक आहेत, त्यामुळे गोदीत पाणी आलं तरी ते बाकीच्या नौकेत जाऊ शकत नाही. तुमचा ट्रॉलर रुंदीला सहज मावेल. पण तळाखाली आलेला कणा आणि पंखा यांमुळे तो गोदीच्या तळाच्या लाकडी फळ्यांवर सपाट बसणार नाही. आत येणाऱ्या बोटीचा तळ सपाट लागतो, म्हणूनच लँडिंग क्राफ्ट, म्हणजे उतरणीच्या बोटी, त्या बेताच्या असतात.

जलाश्ववर एलसीएम-८ प्रकारच्या चार बोटी मावतात. एक बोट सुमारे २२.४ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद. दोन शेजारी-शेजारी ठेवल्या की रुंदी १२.८ मीटर होते, दोन मागे-पुढे ठेवल्या की लांबी जवळपास ४५ मीटर. म्हणजे १५ मीटरांत दोन्ही बाजू मिळून जेमतेम सव्वादोन मीटर मोकळे राहतात. बोट आत घेताना तांडेलाचा कस लागतो तो इथे.

काम असं चालतं. आधी नौका वेग अगदी कमी करते आणि लाटा पिछाडीत कमीत कमी शिरतील अशी दिशा धरते. मग बॅलास्ट टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. हजारो टन पाणी भरल्यावर पिछाडी खाली बसते. मागचा दरवाजा खाली उतरवला की गोदीत पाणी येतं. बोटीचा तळ घासणार नाही इतकं पाणी दारापाशी हवं, म्हणून बोट भरलेली की रिकामी हे आधी कळवावं लागतं. दाराजवळ दिवे असतात: लाल म्हणजे बाहेर थांबा, हिरवा म्हणजे या. हिरवा मिळाल्यावर बोट नौकेच्या अगदी मधल्या रेषेवरून, नौकेपेक्षा थोड्याच जास्त वेगाने आत येते. दोन्ही बाजूंच्या खलाशांना दोर दिले जातात आणि बोट मधोमध धरली जाते. दार वर घेतात, बॅलास्ट बाहेर काढतात, पिछाडी उचलली जाते, पाणी ओसरतं आणि बोट फळ्यांवर टेकते. साखळ्या आणि ताणपट्ट्यांनी ती जखडली की काम संपलं.

बिघडतं काय, तर बऱ्याच गोष्टी. नौका डुलू लागली की गोदीतलं पाणी पुढच्या पडद्यावर आपटून परत येतं आणि आतल्या बोटी एकमेकींवर आणि भिंतींवर आदळतात. भिंतींना लाकडाचं जाड अस्तर असतं ते यासाठीच. दुसरा धोका धुराचा. बोटींची डिझेल इंजिनं आत चालू असतात, वर छप्पर असतं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वायुवीजनाचे पंखे बोट आत यायच्या आधीच सुरू करावे लागतात.

सर्वांत दगाबाज धोका मोकळ्या पाण्याचा. गोदीत सरासरी अडीच मीटर पाणी धरलं, तर ५१ गुणिले १५ गुणिले २.५, म्हणजे सुमारे १,९०० टन पाणी इकडून तिकडे सरकायला मोकळं असतं. नौका एका बाजूला कलली की हे पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. नौकेच्या स्थिरतेवरचा हा परिणाम पाण्याच्या रुंदीच्या घनाने वाढतो: रुंदी दुप्पट झाली की परिणाम आठपट. म्हणून बॅलास्टच्या टाक्या एक तर काठोकाठ भरतात, नाही तर पूर्ण रिकाम्या ठेवतात. सगळ्याच टाक्या एकाच वेळी अर्ध्या राहिल्या तर गोदीच्या जोडीला आणखी कितीतरी मोकळं पाणी होईल. कुठली टाकी कोणत्या क्रमाने भरायची आणि रिकामी करायची हे आधी ठरलेलं असतं आणि त्या क्रमाशी कोणी खेळायचं नसतं.

बोट किनाऱ्याला लागल्यावरचं काम तुम्हा लोकांना सांगायला नको. पुळणीवर टेकल्यावर तांडेल इंजिन पुढेच चालू ठेवतो, नाही तर मागची लाट पिछाडी फिरवून बोट आडवी करते. ओहोटी चालू असेल तर वेळ अजूनच थोडा. एलसीएम-८ सुमारे ५४ टन भार वाहते, म्हणजे टी-७२ रणगाडा एका खेपेत एकच.

प्रश्न: आपल्या नव्या एलसीयू (मोठ्या उतरणीच्या) नौका जलाश्वच्या गोदीत ठेवता येतील का? (ठाणे)

नाही. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या एलसीयू मार्क-४ नौका जवळपास ६३ मीटर लांब आहेत, गोदी ५१ मीटरची. त्या स्वतंत्रपणे समुद्र पार करतात आणि त्यांचा मुख्य उपयोग अंदमानच्या बेटांमध्ये आहे.

प्रश्न: जलाश्व वाफेवर चालते हे खरं का? एकविसाव्या शतकात बॉयलर का? (मरीन इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी)

खरं आहे. दोन बॉयलर, दोन वाफेच्या टर्बाइन, दोन शाफ्ट, २४,००० अश्वशक्ती आणि वेग सुमारे २१ नॉट. ती १९६० च्या दशकातली रचना आहे. त्या काळात एवढ्या शक्तीसाठी वाफ हाच भरवशाचा मार्ग होता. वाफेचा दाब सुमारे ६०० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे जवळपास ४१ बार.

हे यंत्र थंड अवस्थेतून चटकन सुरू होत नाही. ड्रम, नळ्या आणि आतल्या विटा सारख्या प्रमाणात तापल्या नाहीत तर तडे जातात. वाफ चढवायला कित्येक तास द्यावे लागतात. ‘आत्ता निघा’ म्हटल्यावर निघायचं असेल तर बॉयलर आधीपासून तापवून ठेवावा लागतो आणि तेवढं तेल जळत राहतं.

तुझ्या अभ्यासासाठी खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. अशा बॉयलरचा शत्रू आगीपेक्षा पाणीच. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन राहिला तर नळ्यांना आतून खळगे पडतात, म्हणून डीएरेटरचं (पाण्यातला ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राचं) तापमान घसरू द्यायचं नाही. कंडेन्सरच्या (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) एका नळीला बारीक भोक पडलं की समुद्राचं पाणी शिरतं आणि क्लोराइड वाढतं. पहारा बदलताना क्लोराइड आणि क्षारतेची चाचणी घेतात ती यासाठी. क्लोराइड वाढलेलं दिसलं तर बॉयलरमध्ये रसायन ओतत बसायचं नसतं. गळका कंडेन्सर शोधून वेगळा करायचा, दूषित पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि मगच ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधलं खराब पाणी बाहेर सोडणं. मूळ शोधल्याशिवाय ब्लोडाउन केलं तर चांगलं पाणी वाया जातं आणि मीठ येतच राहतं.

सुट्या भागांचा प्रश्न दरवर्षी कठीण होत जातो. अमेरिकेतली ऑस्टिन वर्गातली शेवटची नौका ‘पॉन्स’ २०१७ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे मूळ मालकाकडेही आता हा साठा वाढणार नाही.

प्रश्न: २००८ मध्ये जलाश्ववर वायुगळती होऊन नौसैनिक गेले होते. तो कसला वायू होता? (कोल्हापूर)

हायड्रोजन सल्फाइड. फेब्रुवारी २००८ च्या सुरुवातीला अंदमानजवळ सराव चालू असताना हा अपघात झाला आणि एका अधिकाऱ्यासह नौसैनिकांचा मृत्यू झाला. कोंडून राहिलेल्या समुद्राच्या पाण्यात किंवा सांडपाण्यात ऑक्सिजन संपला की जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे टाक्यांच्या तळाशी आणि खालच्या कप्प्यांत साचतो.

या वायूबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेलं की नाक काम करणं थांबवतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस आत उतरतो. ५०० ते १,००० भागांत काही मिनिटांत, कधी दोन-चार श्वासांतच, शुद्ध हरपते. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. आपल्याकडच्या मैल्याच्या टाक्यांत आणि गटारांत एकामागून एक जीव जातात ते असेच.

जहाज असो की घरामागची टाकी, क्रम एकच: आधी जोरकस हवा खेळवा, मग मीटर खाली सोडून तळाची, मधली आणि वरची हवा मोजा. ऑक्सिजन सुमारे २१ टक्के हवा, १९.५ च्या खाली उतरायचं नाही. बाहेर एक माणूस फक्त दोर धरून उभा हवा. आतला पडला तर त्याने दोराने ओढायचं, स्वतः उतरायचं नाही. श्वसनयंत्र लावल्याशिवाय उतरून केलेली सुटका ही सुटका नसते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल या वायूला अडवत नाही.

प्रश्न: कोविडच्या काळात जलाश्वने नेमके किती भारतीय परत आणले? आमच्या ओळखीचे काही जण मालदीवमध्ये हॉटेलात कामाला होते. (सावंतवाडी)

‘समुद्र सेतू’ मोहिमेतल्या जलाश्वच्या पाच फेऱ्या अशा: मे २०२० मध्ये मालेहून कोचीला दोन, पहिल्या फेरीत ६९८ आणि दुसऱ्या फेरीत ५८८ जण. जूनमध्ये कोलंबोहून तुतिकोरिनला ६८६ आणि मालेहून तुतिकोरिनला ७००. शेवटी इराणच्या बंदर अब्बासहून तुतिकोरिनला ६८७, ही फेरी १ जुलैला संपली. बेरीज ३,३५९. मगर, ऐरावत आणि शार्दूल या नौकांचे प्रवासी धरून संपूर्ण मोहिमेत ३,९९२ लोक आले. म्हणजे सहांतले पाच जण एकट्या जलाश्वने आणले.

पहिली फेरी ८ मे रोजी मालेहून निघाली आणि १० मे रोजी सकाळी कोचीला लागली. त्यात १९ गर्भवती होत्या. एवढ्या लोकांना अंतर राखून बसवता आलं, कारण सैन्यासाठी राखलेले मोठे निवासकक्ष आणि वाहनांचे डेक तिच्यावर आहेत. इतर युद्धनौकांवर अशी मोकळी जागा नसते, तिथे प्रत्येक कोपरा यंत्रांनी आणि शस्त्रांनी भरलेला असतो.

मे २०२१ मध्ये ऑक्सिजनची टंचाई असताना ब्रुनेई आणि सिंगापूरहून १८ क्रायोजेनिक (अतिथंड द्रव ऑक्सिजनच्या) टाक्या आणि ३,६५० सिलिंडर तिने विशाखापट्टणमला आणले. ट्रकच्या आकाराच्या टाक्या क्रेनने पोटात उतरवण्यापेक्षा त्या डेकवर चढवून जखडणं सोपं पडतं. त्याआधी २०११ मध्ये लिबियातल्या भारतीयांना काढायलाही ‘म्हैसूर’ आणि ‘आदित्य’सोबत ती गेली होती.

प्रश्न: हेलिकॉप्टरं किती ठेवता येतात? ती विमानवाहू नौकेसारखीच आहे का? (नागपूर)

नाही. वरचा डेक मागच्या अर्ध्या भागातच आहे, आणि पुढे इमारतीसारखी रचना उभी आहे. डेकवर अनेक हेलिकॉप्टरं उतरू शकतात, पण हँगर लहान, पुढे-मागे सरकवता येणारा आहे, एखाद्या हेलिकॉप्टरापुरता. बाकीची समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर राहतात, म्हणून ती मोहिमेपुरतीच आणतात. सोबत आलेली यूएच-३एच हेलिकॉप्टरं विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस देगा’ तळावर होती. जून २०२४ मध्ये ती निवृत्त झाली आणि त्यांची जागा सी किंग ४२सी ने घेतली.

प्रश्न: तिची जागा कोणती नौका घेणार? (नाशिक)

चार नव्या गोदीधारी नौकांचा बेत बरीच वर्षं रेंगाळला आहे. २०१३ ची निविदा २०२० मध्ये रद्द झाली, २०२१ मध्ये नव्याने माहिती मागवली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौका घेण्याला तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतर निविदा, करार आणि बांधणी हे टप्पे आहेत, आणि एवढ्या आकाराच्या नौकेला त्यात अनेक वर्षं जातात. तोपर्यंत १९६६ साली कणा बसवलेल्या या नौकेकडून काम घ्यायचं, तर तिच्या दुरुस्तीचा वेळ आणि वाफेवरची यंत्रं सांभाळणाऱ्या माणसांचं प्रशिक्षण यांवर काटकसर करू नये.